शनिवारचे डॉक्टर

मी स्पॅनिश शिकले त्यामागे स्वप्नबिप्न काही नव्हतं. बारावीच्या सुट्टीत मला जर्मन शिकायचं होतं आणि जर्मनची बॅच भरली होती. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "स्पॅनिशला जागा आहेत, घ्यायचं तर घे," आणि मी घेतलं. मग गोडी लागली आणि पाच वर्षं शिकत राहिले. कोथरूडमध्ये बसून त्या भाषेचं करायचं काय, हे घरात कुणालाच कळत नव्हतं. आल्यागेल्याला बाबा सांगायचे, "आमची श्रद्धा फ्रेंचसारखं काहीतरी करते."

काय करायचं ते लंडनला आल्यावर कळलं. २००२ साली माझ्या नवऱ्याला, राजीवला, त्याच्या कंपनीने इकडे पाठवलं आणि आम्ही हॅरोला राहू लागलो. बोलायला मराठी माणसं होती, कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानात कढीपत्त्यापासून सगळं मिळत होतं, तरी राजीव ऑफिसला गेला की दिवस खायला उठायचा. मी एका दुभाष्यांच्या एजन्सीत नाव घातलं. पेशंट स्पॅनिश बोलणारा, डॉक्टर इंग्रज, आणि मधल्या खुर्चीत मी, असं ते काम. सुरुवातीलाच एजन्सीने मला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एलिफंट अँड कासलला, एका सर्जरीत पाठवलं. सर्जरी म्हणजे इकडे नुसता दवाखाना. तो शब्द ऐकला की मला मात्र ऑपरेशनच आठवायचं.

मी दार ढकलून आत गेले तर पेशंट आणि डॉक्टर दोघंही खो खो हसत होते आणि फाडफाड स्पॅनिश बोलत होते.

"तू कोण?" डॉक्टरने विचारलं.

"मी दुभाषी."

"कुणासाठी?"

डॉक्टरच स्पॅनिश निघाला होता. त्या वर्षांत इंग्लंडला डॉक्टर कमी पडत होते म्हणून सरकारने स्पेनमधून बरेच आणले होते, त्यातला हा एक. नाव इग्नासियो, गाव गालिसिया प्रांतातलं. मी हे सगळं कुठे शिकले असं त्याने विचारलं. मी सांगितलं, पुणे. त्याने "पुने, पुने" असं दोनदा म्हणून पाहिलं आणि पुन्हा हसायला लागला. "तुझं स्पॅनिश असं आहे," तो म्हणाला, "की मला उठून उभं राहावंसं वाटतंय. असं आता फक्त आमच्याकडचे बिशप बोलतात."

पहिल्या वाक्यापासून तो मला तू म्हणत होता. पुण्यातल्या मुलीला डॉक्टरने असं एकदम तू म्हणणं जरा लागतंच. पण स्पेनमध्ये सगळेच सगळ्यांना तू म्हणतात, हे पुण्याच्या क्लासमध्ये सरांनी शिकवलेलं मला तेवढ्यात आठवलं.

"शनिवारी काय करतेस?" त्याने विचारलं. "तुझ्यासाठी एक काम आहे. पैसे मिळत नाहीत, पण कॉफी चांगली असते."

अशी मी त्या मंडळात शिरले.

मंडळाचं नाव काय ठेवायचं यावर तेव्हा भांडण चालू होतं आणि मी होते तोवर ते मिटलं नाही. हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या, डॉक्टरांची संघटना असं काहीतरी कागदावर होतं. पण स्पेनच्या डॉक्टरांना हिस्पॅनिक हा शब्द अमेरिकन वाटायचा आणि कोलंबिया, पेरू, बोलिव्हियाच्या डॉक्टरांना तो स्पेनच्या लोकांनी वरून लादलेला वाटायचा. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. कुठल्याही महाराष्ट्र मंडळाची कार्यकारिणी यापेक्षा वेगळी बसत नाही. शेवटी सगळे त्याला नुसतं 'शनिवार' म्हणायला लागले. "शनिवारला येतेस ना?" एवढं म्हटलं की पुरायचं.

स्टेशनमागच्या एका चर्चच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो. त्या भागात दक्षिण अमेरिकेतली पुष्कळ माणसं राहत होती. बहुतेक जण पहाटे उठून शहरातली ऑफिसं झाडायचे. कुणाला डॉक्टरकडे नाव कसं नोंदवायचं माहीत नसायचं, कुणाला औषधाच्या डबीवरचं वाचता यायचं नाही, कुणी नुसतंच घाबरलेलं असायचं. मंडळातले जे डॉक्टर इथे रजिस्टर झालेले होते ते रक्तदाब, साखर बघायचे. बाकीचे आपापल्या देशातले डॉक्टरच होते, पण इथली परीक्षा अजून व्हायची होती. त्यांनी कुणालाही तपासायचं नाही, औषध सांगायचं नाही, असा इग्नासियोचा कडक नियम होता. त्यांनी बोलायचं, समजावायचं, धीर द्यायचा. आणि सर्जऱ्यांना फोन करून इंग्रजीत बोलायचं काम माझं. मंडळ स्पॅनिश, बाई मराठी, आणि तिच्याकडे खातं इंग्रजीचं. राजीवला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "श्रद्धा, हे तू पुण्यात कुणाला सांगू नकोस, विश्वास ठेवणार नाहीत."

हॅरो अँड वील्डस्टोन हे ट्यूबच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, बेकरलू लाइनचं एक टोक आणि एलिफंट अँड कासल दुसरं. दर शनिवारी मी ती अख्खी लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. गाडीत पोह्यांचा नाहीतर साबुदाणा वड्यांचा डबा मांडीवर असायचा. बोलिव्हियाच्या एका दातांच्या डॉक्टरला साबुदाणा वडा इतका आवडला की तो मला बघायच्या आधी पिशवी बघायचा.

लूस मरीना मला तिथेच भेटली.

ती कोलंबियातल्या काली नावाच्या शहरातली. तिथे ती मुलांची डॉक्टर होती, मोठ्या हॉस्पिटलात, हाताखाली माणसं असलेली. नवऱ्याला धमक्या यायला लागल्या म्हणून सगळं सोडून दोघं इकडे आली होती. राहायची कायमची परवानगी मिळाली होती, पण डॉक्टरकीची नाही. त्यासाठी आधी इंग्रजीची परीक्षा आणि मग डॉक्टरीची. इंग्रजीतच ती पुन्हापुन्हा अडकत होती. आठवडाभर ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळी घालायची, भरवायची, आणि शनिवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हॉलमध्ये यायची. पंचेचाळीसची असेल. ठेंगणी, ताठ, कमी बोलणारी. पहिले काही महिने तिने मला दाद दिली नाही. एकदा ती फोनवर इंग्रजीत अडखळली आणि मी मागून शब्द पुरवला, तर तिने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ती तिथून उठूनच गेली.

आमची मैत्री झाली ती भाकरीवरून. तिने मक्याच्या पिठाची जाडसर अरेपा करून आणली होती. ती कशी थापतात ते ती दाखवत होती आणि मी म्हटलं, "असं नाही, असं," आणि पाणी लावून हातावर थापून दाखवली. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?" तिने विचारलं. "आईने," मी म्हटलं. "मलाही," ती म्हणाली.

लूस सगळ्यांना 'उस्तेद' म्हणायची, म्हणजे तुम्ही. शेजाऱ्याला, बसच्या कंडक्टरला, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा. स्पेनच्या डॉक्टरांना त्याची गंमत वाटायची. मला वाटायची नाही. माझी आईही बाबांना आयुष्यभर अहो-जाहोच करत आली होती. आपल्या माणसाला तुम्ही म्हणण्यात दुरावा नसतो, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. "पण अगदीच जवळच्या माणसाला काय म्हणता?" मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "कालीमध्ये त्याला 'वोस' म्हणतात. पण ते असं ठरवून म्हणता येत नाही. येतं तेव्हा येतं."

२००५चा जुलै आला. त्या गुरुवारी ट्यूबमध्ये आणि बसमध्ये बॉम्ब फुटले. त्या सकाळी आमच्या ओळखीची कितीतरी माणसं कामावरून परतत होती. पुढच्या शनिवारी हॉल भरून गेला आणि कुणीही रक्तदाब तपासायला आलं नव्हतं. सगळे नुसते एकमेकांजवळ बसून होते.

रोसाउरा ऑगस्टमध्ये यायला लागली. इक्वेडोरची, पन्नाशीची बाई, एका बँकेत साफसफाईचं काम करणारी. ज्या गाडीत स्फोट झाला तिच्यामागच्या गाडीत ती होती. अंधारात, धुरात, रुळांवरून चालत बाहेर आली होती. अंगावर ओरखडाही नव्हता. पण तेव्हापासून तिला झोप लागेना, छाती धडधडे, हात थरथरत. ट्यूबच्या जिन्यापाशी आली की पाय उचलायचा नाही. दोन बस बदलून, दीडपट वेळ घालवून ती कामावर जायची. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते.

"मला सुस्तो झालाय," ती म्हणाली.

मी मान डोलावली, पण शब्द मला नवीन होता. सरांच्या पुस्तकात सुस्तो म्हणजे दचकणं. लूसने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्याकडे खेड्यापाड्यात म्हणतात, माणूस फार घाबरला की त्याचा जीव अंगातून निसटतो आणि तिथेच राहतो. मग माणूस खंगतो. त्याला सुस्तो."

"आमच्याकडे याला धसका म्हणतात," मी म्हटलं. "धसका घेतला की माणूस आतून पोखरला जातो."

"ध-स-का," लूस म्हणाली. तिला तो शब्द फार आवडला. दिवसभर ती तो मध्येच पुटपुटत होती.

मलाही इतका आनंद झाला होता की विचारू नका. इतकी वर्षं शिकलेल्या भाषेत एक शब्द असा सापडला होता जो माझ्याच घरातून उठून तिकडे गेल्यासारखा वाटत होता. रोसाउराच्या डॉक्टरकडे दुभाषी म्हणून गेले तेव्हा मी त्यांना तो नीट समजावून सांगितला. ते भले गृहस्थ होते, एका पेशंटला मिळणारी दहा मिनिटं संपत आली तरी त्यांनी ऐकून घेतलं. त्या काळात तशीच घाबरलेली माणसं त्यांच्याकडे रोज येत होती. त्यांनी विश्रांती घ्यायला सांगितलं आणि बोलून मन मोकळं करायला एका समुपदेशकाकडे तिचं नाव पाठवलं. तिथे नंबर लागायला बरेच महिने होते.

लूस म्हणाली, "तोवर आपण काय करायचं? बघत बसायचं?"

तिने आपलं आपणच ठरवलं. दर शनिवारी हॉल उघडायच्या आधी ती रोसाउराला घेऊन स्टेशनपर्यंत जायची. तपासणं नाही, औषध नाही, नुसतं चालणं. त्याला इग्नासियोचा नियम आड येत नव्हता. पहिल्या वेळी त्या दारातूनच परत आल्या. मग तिकिटाच्या फाटकापर्यंत गेल्या. मग मला बरोबर घेतलं, कारण रोसाउराला दोन्ही हात धरायला दोन माणसं हवी होती. लिफ्टने खाली गेलो की ती डोळे मिटून घ्यायची आणि लूस तिला तिच्या इक्वेडोरच्या गावातल्या गोष्टी विचारत राहायची. बाजार कुठल्या वारी भरतो? बटाटे किती तऱ्हेचे मिळतात? त्यातला तुमचा आवडता कुठला? रोसाउरा डोळे मिटूनच उत्तरं द्यायची. बटाट्यांवर ती पुष्कळ बोलू शकायची.

नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी आम्ही तिघी गाडीत चढलो आणि एक स्टेशन जाऊन उतरलो. लॅम्बेथ नॉर्थ. तिथे बघण्यासारखं काही नाही, पण आम्ही काशीला जाऊन आल्यासारख्या एकमेकींच्या गळ्यात पडलो. बाहेर बोचरी थंडी होती, माझी बोटं हातमोज्यांतसुद्धा बधिर झाली होती. रोसाउराने कोटाची बटणं काढली, स्कार्फ सोडला आणि हाताने वारा घ्यायला लागली. मी हसत होते. लूस हसत नव्हती. ती रोसाउराच्या उघड्या गळ्याकडे बघत होती.

हॉलवर परत आल्यावर रोसाउरा दमून कोपऱ्यातल्या कोटांच्या ढिगाला टेकली आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. लूस तिच्याशेजारी जाऊन बसली. तिने अलगद तिचं मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग उठून थेट इग्नासियोच्या टेबलापाशी गेली.

"ही नुसती घाबरलेली नाही," ती म्हणाली. "हिचं थायरॉइड बघायला हवं."

इग्नासियो थकला होता. "लूस, ती बाई स्फोटातून चालत बाहेर आली आहे. तिची छाती धडधडणारच."

"जागेपणी धडधडेल. झोपेत का? भीतीने धावणारी नाडी माणूस झोपला की थांबते. हिची झोपेतही धावतेय. आणि घाबरलेल्या माणसाचे हात गार पडतात, डॉक्टर. हिचे गरम आहेत, ओले आहेत. बाहेर दात वाजतायत आणि ही वारा घेतेय."

"तू तिला तपासलंस?"

"मी तिचा हात धरला," लूस म्हणाली. "तेवढ्याला इथल्या राणीची परवानगी लागत नसेल."

इग्नासियोने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि तो उठला. रोसाउरा जागी झाल्यावर त्याने तिला पाणी प्यायला दिलं आणि घोट गिळताना गळा बघितला. हात पुढे धरायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला. कागद पानासारखा फडफडत होता. तो वळला आणि एवढंच म्हणाला, "कोलंबियात मुलांच्या डॉक्टरांना हे कोण शिकवतं?"

"मुलांना काय होतंय ते सांगता येत नाही," लूस म्हणाली. "त्यामुळे शब्दांवर फार भिस्त ठेवायची नाही, हे आम्ही लवकर शिकतो."

ते तिने मला उद्देशून म्हटलं नव्हतं. तरी मी ते पुढे पुष्कळ दिवस मनात घोळवलं. शब्द चपखल सापडला की आजारही सापडला असं आपल्याला वाटतं.

सोमवारी रोसाउराच्या सर्जरीत फोन करायचा होता. काम माझं, पण लूसने रिसीव्हर मागितला. "हे मला सांगायचंय," ती म्हणाली. मी सुट्टी काढून मुद्दाम तिच्या घरी गेले होते. तिने रात्रभर वाक्यं तयार केली होती. फोन लागला, पलीकडून रिसेप्शनिस्ट भराभर बोलायला लागली, लूस दोन वाक्यं नीट बोलली आणि मग पलीकडून काहीतरी प्रश्न आला. लूसचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाली, "फ्रेंड. आय अ‍ॅम अ फ्रेंड." आणि तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला.

मी पुढचं बोलून घेतलं. इग्नासियोची चिठ्ठी येतेय, रक्ताची तपासणी लवकर हवी आहे, वगैरे. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले तर ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती.

"त्या बाईने विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण," ती म्हणाली. "एकवीस वर्षं मी डॉक्टर आहे. आणि मी म्हटलं, मैत्रीण."

तिच्या शेजारी उभी राहिले. नळ उगाचच चालू होता, तो बंद केला.

"शिकव मला," ती अजून पाठ न वळवता म्हणाली. "तू शिकव."

तिने 'वोस' म्हटलं होतं. आपण काय म्हणून गेलो ते तिला कळलंही नसावं.

रोसाउराचं रक्त तपासलं, आणि लूस म्हणाली होती तेच निघालं. थायरॉइड भलतंच जोरात चाललं होतं. गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुमाराला ती बाई पुन्हा अंगाने भरली, झोपायला लागली, एकदा तर हॉलमध्ये कुणाशीतरी वाजवून भांडली. आम्हाला केवढं बरं वाटलं! मात्र गोळ्या सुरू झाल्यावरही लूसने शनिवारचं चालणं सोडलं नाही. "गोळी थायरॉइडला," ती म्हणायची. "धसक्याला हे." त्या दोघी एकेक स्टेशन वाढवत गेल्या. एका शनिवारी रोसाउरा सांगून-सवरून एकटीच गेली आणि बेकर स्ट्रीटच्या फलाटावरच्या सार्वजनिक फोनवरून तिने हॉलवर फोन केला. इग्नासियोने फोन उचलला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा रिसीव्हर वर धरला. पलीकडे ती गाडीच्या आवाजावरून ओरडत होती, "मी खाली आहे! मी खाली आहे!"

लूस रविवारी हॅरोला यायला लागली. राजीवचा मावसभाऊ मिलिंद तेव्हा आमच्याकडेच होता. नागपूरचा डॉक्टर, तोही डॉक्टरीच्या परीक्षेची तयारी करत होता. मी पेशंट व्हायचे, राजीव पेशंटचा चिडका नवरा. हे काम त्याला सहज जमायचं. मिलिंद आणि लूस आळीपाळीने आम्हाला तपासायचे, वाईट बातमी सांगायचे, धूम्रपान सोडायला लावायचे. आमच्या त्या छोट्या बैठकीच्या खोलीत माझा कितीदा पाय मोडला आणि राजीवला कितीदा मधुमेह झाला, त्याला गणती नाही. मिलिंदचं इंग्रजी लूस ऐकायची आणि लूसचं चुकलं की मिलिंद तिला मराठीतून दटावायचा. तिला काही कळायचं नाही, पण ती ओशाळायची बरोबर. जेवायला पिठलंभात असायचा. तिने हिरव्या मिरचीचा ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने आणखी मागितला.

२००६च्या वसंतात नियम बदलले. बाहेरच्या देशातून येऊन शिकाऊ डॉक्टर म्हणून लागणाऱ्यांना आता वर्क परमिट लागणार होतं, आणि ते सहजी मिळण्यातलं नव्हतं. मिलिंद पास झाला होता, तरी अर्ज करून करून थकला. ऑगस्टमध्ये तो परत गेला. जाताना त्याने आपली सगळी पुस्तकं लूसला दिली. तिला कायमची परवानगी असल्याने तो नियम लागू नव्हता. "मॅडम," तो तिला म्हणाला, "आता दोघांच्या वाटचं तुम्हीच करा." लूसने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मिलिंद लाजून लाल झाला. आज तो नागपुरात उत्तम प्रॅक्टिस करतो आणि अजून तिची चौकशी करतो.

त्या शरदात लूसला इंग्रजीत हवे तेवढे गुण मिळाले. पुढच्या वर्षी डॉक्टरीची परीक्षा झाली. ज्या शनिवारी ती रजिस्टर झाल्याचं कळलं, त्या दिवशी इग्नासियोने काही न बोलता आपल्या शेजारी एक टेबल ओढलं, त्यावर रक्तदाबाचं यंत्र ठेवलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला तिच्याकडे पाठवलं. तो माणूस बिचारा गोंधळला. डॉक्टरीणबाई त्याचा दंड धरून रडत होत्या आणि त्याला वाटलं आपलं काही खरं नाही.

२००८च्या सुरुवातीला तिला मँचेस्टरला मुलांच्या वॉर्डात नोकरी लागली. वयाने तिच्या निम्म्या असलेल्या पोरांच्या बरोबरीची, सगळ्यांत खालची. ती आनंदाने गेली. युस्टन स्टेशनवर आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो, रोसाउरासुद्धा. तिने वाटेत खायला उकडलेले बटाटे दिले होते.

त्यानंतर शनिवार हळूहळू विरत गेला. बऱ्याच जणांच्या परीक्षा झाल्या, ते ग्लासगो, लीड्स असे पांगले. हळूहळू सर्जऱ्यांतच स्पॅनिश बोलणारी माणसं आली. इग्नासियोची आई आजारी पडली आणि तो गालिसियाला परत गेला. २००९च्या जूनमध्ये आम्ही हॉलची किल्ली चर्चला परत दिली. त्या दिवशीही नावावरून थोडं भांडण झालंच, की बंद होतंय ते नेमकं काय.

त्याच ऑगस्टमध्ये मी मँचेस्टरला लूसला भेटायला गेले. जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटू, असं तिने सांगितलं होतं. ती उशिरा आली, जवळजवळ धावतच. केस पिकले होते, गळ्यात ओळखपत्र, खिशात तीन-चार पेनं. तिने मला घट्ट मिठी मारली, खुर्चीत बसली आणि एका दमात राजीव, रोसाउरा, मिलिंद सगळ्यांची विचारपूस केली. मी पिशवीतून डबा काढला. तिने एक वडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि कमरेचा पेजर वाजला.

तिने तो बघितला. "जायला हवं," ती म्हणाली. "एक लहान मुलगी आहे, सकाळपासून मला तिची काळजी वाटतेय. तू थांबशील?"

"थांबते ना," मी म्हटलं. "तू जा."

ती गेली. मी खूप वेळ थांबले. कॉफी गार झाली, आजूबाजूची टेबलं रिकामी होऊन पुन्हा भरली. लूस काही आली नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी डबा तिच्या वॉर्डातल्या नर्सकडे दिला आणि स्टेशनकडे जाणाऱ्या ट्रॅममध्ये बसले.